हेडफोन : बंद वाटीचा की उघड्या जाळीचा?

गेल्या महिन्यात आमच्या पेणच्या गटांच्या बैठकीत एक विषय निघाला. पापड-मिरगुंडाची माहिती, बँकेच्या योजना, आजीच्या ओव्या हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून रेडिओला पाठवायचं, तर गटाच्या पैशातून हेडफोन घ्यावा की नाही? घ्यायचा तर कोणता? दुकानदाराने दोन प्रकार सांगितले होते, ओपन आणि क्लोज्ड. दोघांत फरक काय, हे मात्र त्याने सांगितलं नाही. पैसा गटाचा आहे, म्हणून आज तेच समजून घेऊ.

आधी स्वयंपाकघरातला एक प्रयोग करा. एका कानावर खोलगट वाटी उपडी धरा. बाहेरचे आवाज दबतात आणि आत समुद्रासारखी घूं घूं ऐकू येते. आता वाटी ठेवा आणि पिठाची चाळण धरा. कानावर काहीतरी आहे हे कळतं, पण पोराचं रडणं, कुकरची शिट्टी, शेजारणीची हाक, सगळं जवळजवळ नेहमीसारखंच ऐकू येतं. वाटी म्हणजे बंद हेडफोन आणि चाळण म्हणजे उघडा.

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पुढेमागे थरथरतो आणि त्यातून आवाज होतो. डफावर थाप मारली की आवाज फक्त समोर जात नाही, मागेही जातो. तसंच या पडद्याचं आहे. पुढचा आवाज कानात जातो. मागच्या आवाजाचं काय करायचं, एवढ्यावरूनच हे दोन प्रकार झाले. बंद प्रकारात मागे प्लास्टिकची भक्कम वाटी असते आणि मागचा आवाज तिच्यात कोंडला जातो. त्यातला थोडा आतल्या कापसात किंवा फोममध्ये जिरतो, थोडा भिंतीवर आपटून परत येतो. उघड्या प्रकारात मागे जाळी असते, तिथून तो सरळ बाहेर निघून जातो.

म्हणून उघड्या हेडफोनमधलं गाणं मोकळं वाटतं, जणू गाणारी समोर ओट्यावर बसली आहे. कानाला वाराही लागतो. बंदमध्ये ढोलकीचा, पखवाजाचा घुमारा भरदार लागतो, पण स्वस्तातल्या हेडफोनमध्ये कधी कधी आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. उघड्या जातीचा हेडफोन पहिल्यांदा १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने बाजारात आणला. नाव एचडी ४१४, कानाला पिवळ्या स्पंजच्या गाद्या. त्याआधी हेडफोन म्हणजे जड, कान दाबून धरणारी वस्तू असायची.

आता आपल्या कामाचं. माईकसमोर बोलायचं असेल तर बंदच घ्यावा, यात मला शंका नाही. उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेर गळतो आणि माईक बिचारा समोर येईल ते टिपतो. समजा एक ताई आधी रेकॉर्ड केलेली ओवी हेडफोनवर ऐकत दुसरा आवाज भरते आहे. उघडा हेडफोन असेल तर जुनी ओवीही बारीक किणकिणत नव्या रेकॉर्डिंगमध्ये शिरते आणि नंतर ती काढता येत नाही. त्यात चालू माईकचाच आवाज हेडफोनमध्ये सोडला असेल आणि माईक जवळ असेल, तर लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर करतो तशी कूंऽऽ अशी शिट्टी वाजू शकते.

२००६ साली सरकारने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. त्याआधी ती शिक्षणसंस्थांपुरती होती. पुढे म्हसवडला बायकांच्या संस्थेतून ‘माणदेशी तरंग’ उभा राहिला. गावातल्या बायकाच जिथे माईकसमोर बसतात, तिथे स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा साधी खोलीच. अशा खोलीत आवाज गळू न देणारा हेडफोन लागतोच.

बंद हेडफोन घालून बोललं की आपलाच आवाज डोक्यात घुमतो. दोन्ही कानांत बोटं घालून बोलून बघा, तसंच. नवीन बाई त्याने बिचकते आणि हळू बोलायला लागते. म्हणून निवेदक एका कानावरची वाटी थोडी मागे सरकवतात. आपणही तसंच करावं.

आणखी एक गोष्ट दुकानदार पुरुष असला तर सांगणारच नाही. बंद हेडफोनची गादी कानाभोवती नीट चिकटली तरच तो बंद. बुगडी, मोठी कुडी, चष्म्याची दांडी, कानावरून घेतलेला पदर, यांनी फट राहते आणि घुमारा पळून जातो. मग आपण म्हणतो, हेडफोन खराब निघाला. रेकॉर्डिंगपुरती बुगडी काढून ठेवावी.

आपल्याकडची हवा दमट. नकली चामड्याच्या गाद्या कोकणात लवकर सोलवटतात, काळे पापुद्रे गालाला लागतात. बदलता येतील अशा गाद्या आहेत का, हे आधी विचारा. कापडी गादी धुता येते. पण कापडातून आवाज जरा जास्त गळतो, हेही लक्षात असू द्या. हेडफोन गटाचा असेल तर प्रत्येकीने वापरल्यावर गादी पुसावी, आणि जिचा कान वाहतो आहे तिने तो घालूच नये.

मग उघडा कुणासाठी? घरात बसून ऐकणाऱ्या बाईसाठी. लहान मूल पाळण्यात आहे, चुलीवर दूध आहे, सासूबाई आतून हाक मारतात, आणि हिला रेडिओवरचं बोलणं ऐकायचं आहे. अशा वेळी बंद हेडफोन धोक्याचा. पण उघडा हेडफोन सहसा महाग असतो. त्यापेक्षा कानाच्या पाळीत नुसता टेकणारा जुन्या पद्धतीचा इअरफोन बरा. रबरी बोंडीचा कानात घट्ट बसतो, तो बंदच्या जातीचा समजा. रस्त्यावर मात्र कुठलाच नको. मुंबई-गोवा महामार्ग ओलांडताना किंवा रोह्याकडून येणाऱ्या गाडीच्या रुळांजवळ दोन्ही कान मोकळे हवेत.

हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला जाणाऱ्या मैत्रिणी खूप आहेत. कॉम्प्रेसरच्या आवाजात गाणी ऐकू यावीत म्हणून आवाज वाढवत नेतात. उघड्या इअरफोनवर ही सवय जास्त लागते, कारण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि गाणं त्याच्या वर न्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालेल, पण ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. डेसिबल आपण कुठे मोजणार? साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. आणि गाण्याचा बंद हेडफोन म्हणजे कान वाचवायचं साधन नव्हे. त्यासाठी कारखान्यात वापरायचे वेगळे इअरमफ मिळतात, ते मालकाकडे मागावेत.

दुकानात ओळखायचं कसं? नुसती जाळी बघून फसू नका, काहींवर ती शोभेचीच असते. हेडफोन घालून गाणं लावा आणि दोन्ही तळवे बाहेरून वाट्यांवर घट्ट ठेवा. गाण्याचा आवाज बदलला तर उघडा, काहीच फरक पडला नाही तर बंद. बरोबर एका मैत्रिणीला न्या आणि शेजारी उभी करा. तिला गाण्याचे शब्द ऐकू आले तर तो रेकॉर्डिंगसाठी घेऊ नका. मोबाईलला तारेची पिन लागते का, हेही तिथेच बघा, कारण नव्या फोनना बऱ्याचदा ते भोकच नसतं आणि वेगळी जोडणी विकत घ्यावी लागते.