ठासणीची बंदूक विमानात बसते, तिची दारू बसत नाही

कर्जत म्हटलं की मुंबईकरांना लोकल आठवते. आमचं कर्जत ते नव्हे. हे नगर जिल्ह्यातलं, राशीन आणि मिरजगावच्या मधलं, ज्वारीचं आणि काळविटांचं. तालुक्यातल्या एका वस्तीवर आमचे पाहुणे राहतात. त्यांच्या माजघरात उंच खुंटीला एक ठासणीची बंदूक टांगलेली असते. पणजोबांच्या वेळची, परवाना पिकाच्या राखणीचा. ती वाजलेली मी कधी ऐकली नाही, पण प्रवास मात्र नेमानं करते. निवडणूक आली की पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर आडवी धरून पोलीस ठाण्यात जमा व्हायला निघते. निकाल लागला की पावती दाखवून परत.

मागच्या खेपेला मी तिथं जेवायला होतो. दुसऱ्या दिवशी पुण्याहून विमान पकडायचं होतं. पाहुण्यांचा नातू सातवीत आहे. त्यानं ताटावरून मान वर केली, एकदा माझ्याकडं आणि एकदा खुंटीकडं पाहिलं आणि विचारलं, "मामा, ही इमानात नेता येती का?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना, आणि उत्तर शोधत गेलो तसा मीच थक्क झालो. उत्तर असं की बंदूक जाईल. ठासायची सुटी दारू मात्र चिमूटभरही जाणार नाही, आणि घोड्याखाली बसवायच्या त्या तांब्याच्या टोप्याही नाहीत. उलट आजच्या बाराबोअरची भरलेली काडतुसं पाच किलोपर्यंत खुशाल जातील. म्हणजे जुन्या, अर्धवट गंजलेल्या हत्याराची दारू अडते आणि नव्या, दणकट हत्याराची काडतुसं पुढं जातात. हे उफराटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आधी बंदुकीचं. जगभर नियमाचा गाभा एकच आहे: बंदूक प्रवाशाच्या हाताशी नसावी, आणि ती रिकामी आहे हे कुणालाही दिसावं. म्हणून ती केबिनमध्ये नाही, पोटातल्या सामानाबरोबर जाते. टणक पेटी लागते, पेटीला कुलूप लागतं, आणि काउंटरवर आपण होऊन सांगावं लागतं की यात शस्त्र आहे. परवाना काढायचा, पेटी उघडायची, नळीवरचा क्रमांक कागदाशी जुळवायचा, पुन्हा कुलूप. स्पर्धेतले नेमबाज नळीतून एक भडक नारिंगी दोरी आरपार ओवून ठेवतात. दोरी दोन्हीकडून दिसली म्हणजे आत काडतूस असूच शकत नाही. इतकी साधी, इतकी बिनचूक युक्ती मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही.

अमेरिकेत याला एक गमतीची शेपूट आहे. तिथं साध्या बॅगेचं कुलूप तपासनीस उघडू शकतात. पण शस्त्राच्या पेटीची किल्ली फक्त मालकाकडं राहिली पाहिजे, असा नियम आहे. शर्यत सुरू करताना वाजवतात ते स्टार्टर पिस्तूलही तिथं शस्त्रातच मोजतात. झालं! महागडे कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या काही छायाचित्रकारांनी पेटीत लेन्सशेजारी एक स्टार्टर पिस्तूल ठेवायला सुरुवात केली. पिस्तूल जाहीर करायचं, स्वतःचं भक्कम कुलूप लावायचं, की लेन्स सुखरूप. त्याच देशात २०२३ साली विमानतळांवरच्या तपासणीत हातातल्या सामानातून ६,७३७ बंदुका आणि पिस्तुलं सापडली, आणि त्यातली सुमारे ९३ टक्के भरलेली होती. बहुतेकांचं म्हणणं एकच, बॅगेत आहे हे विसरलो. आपण पाण्याची बाटली विसरतो तसं.

आता काडतुसांचं, कारण खरं नवल तिथं आहे.

बाराबोअरचं काडतूस तळहातावर घेऊन पाहा. खाली पितळी बूड, वर लाल किंवा निळ्या प्लास्टिकचं नळकांडं, तोंड फुलाच्या पाकळ्यांसारखं आत दुमडलेलं. बुडाच्या मधोमध एक छोटी गोल टिकली. टिकलीवर घोडा आपटला की ठिणगी, ठिणगीनं दारू पेटते, दारूवर प्लास्टिकची वाटी, वाटीत छर्रे. एवढंच. आता ही दारू पेटून वायू होते तेव्हा त्या वायूला पसरायला जागा हवी असते. बंदुकीत त्याला चहूबाजूंनी जाड पोलाद अडवतं, एकच दार उघडं ठेवतं, नळीचं. म्हणून सगळा जोर त्या एका दिशेला लागतो. पॉइंट टू-टूच्या इवल्याशा काडतुसात, खडूच्या तुकड्याएवढ्या, हा दाब २४,००० पीएसआयपर्यंत चढू दिला जातो. राशीन रस्त्यावरचा पंक्चरवाला गाडीच्या चाकात ३२ हवा भरतो, ती याच मापात. म्हणजे साडेसातशे पट.

पण पोलाद काढून घ्या. तेच काडतूस सुटं, पुठ्ठ्याच्या डब्यात असताना पेटलं तर? दाब चढायच्या आतच पातळ पितळ फाटतं, वायू वाटेल तिकडून निसटतो. गोळी जड, पितळेचा पत्रा हलका, म्हणून गोळी जागेवर कण्हते आणि पत्राच उडतो. अमेरिकेतल्या काडतूस बनवणाऱ्यांच्या संघटनेनं अग्निशमन दलासाठी काडतुसांचे ढीग पेटवून, चिरडून, उंचावरून टाकून पाहिले. फटफट आवाज झाले, तुकडे उडाले, पण आग विझवणाऱ्याचा जाड अंगरखा भेदण्याइतका वेग त्यांना नव्हता. नळीविना गोळी म्हणजे दिवाळीतली फटाकडी, आणि गोळीविना नळी म्हणजे पाइपचा तुकडा. विमान कंपन्यांची सगळी नियमावली या दोघांची गाठ पडू न देण्याची आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत अशा काडतुसांना '१.४ एस' असा वर्ग दिलेला आहे. त्यातल्या 'एस'चा अर्थ, चुकून पेट घेतला तरी परिणाम पेटीच्या आतच राहील. ठासणीच्या काळ्या दारूची गोष्ट वेगळी. तिला ठिणगी पुरते, आणि ढीग एकदम पेटला की तो सगळा एकाच झटक्यात उडू शकतो. तिला आवरणारं छोटं छोटं पितळी घर नाही. म्हणून पणजोबांची पुडी अडते आणि कारखान्यातलं काडतूस चालतं. उंचावर हवा विरळ असते, मग काडतूस बिथरणार नाही का, असं मला वाटलं होतं. नाही. दारू जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्या घटकांतच बांधलेला असतो. बाहेरच्या हवेशी तिचं देणंघेणं नाही.

पाच किलो हा आकडाही बघण्यासारखा आहे. माणशी पाच किलो, पेटीच्या वजनासकट, स्वतःच्या वापरापुरतं; आणि चौघं मिळून वीस किलोचा एक डबा करायचा नाही, प्रत्येकाचं वेगळं बांधायचं. पॉइंट टू-टूचं एक काडतूस साधारण सव्वातीन ग्रॅमचं. पेटीचं वजन जाता पाच किलोत चौदाशेच्या आसपास बसतात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच जातीच्या काडतुसांवर १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकचं कांस्य जिंकला, ५० मीटरवर, गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून. तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. पात्रता फेरीला त्याला मोजून साठ गोळ्या लागल्या, अधिक नेम बसवायच्या काही. पाच किलोत असे कित्येक सामने उरकतील.

आता शेजारीच ट्रॅपचा नेमबाज उभा आहे, बाराबोअरवाला. त्याचं एक काडतूस पस्तीसेक ग्रॅमचं. पाच किलोत जेमतेम सव्वाशे-दीडशे. आणि पात्रता फेरीत त्याच्यासमोर उडणार सव्वाशे मातकट तबकड्या, प्रत्येक तबकडीला दोन बार मारायची मुभा. म्हणजे नियमाप्रमाणं नेलेली सगळी काडतुसं एका स्पर्धेलाही पुरतील याची खात्री नाही, सरावाचं तर नावच नको. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी या तबकड्यांच्या जागी जिवंत कबुतरं सोडून मारली होती. आजही इंग्रजीत तबकडीचं नाव मातीचं कबूतरच आहे.

एअर रायफलवाल्यांना, म्हणजे अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्या प्रकारात, दारूच नसते. पण म्हणून सुटका नाही. त्यांच्या रायफलीला दोनशे बार दाबाच्या हवेचा सिलिंडर असतो, तो रिकामा करून वेगळा ठेवावा लागतो. विमानाला बंदुकीइतकीच कोंडलेल्या हवेची धास्ती.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं थक्क होण्यासारखं काही नाही, वैतागण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या बंदुकीची पेटी साधी चेक-इन बॅग धरतात. इतरत्र अनेक कंपन्या शस्त्र हाताळणीचे वेगळे पैसे लावतात, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. आणि वाटेत दुसऱ्या कंपनीचं विमान बदललं तर तिचा हिशेब आणखी निराळा. काही देशांत नुसतं विमान बदलायला उतरलात तरी शस्त्रासाठी तिथल्या सरकारची परवानगी आधी लागते. दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जाणारे परदेशी उतरताच पोलिसांचा 'एसएपीएस ५२०' नावाचा फॉर्म भरतात. हॉटेलाच्या आधी बंदुकीचं आरक्षण, असं म्हणा ना.

आणि तरी विमान कंपन्यांचं मन मोठं विचित्र. २०१५ च्या जुलैत झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला, जगभर ओरड झाली, आणि ऑगस्टमध्ये डेल्टा, अमेरिकन, युनायटेड या कंपन्यांनी सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा, म्हैस यांची शिकारीतली मुंडकी-कातडी नेणं बंद केलं. बंदुका नेणं बंद केलं नाही. जाताना हत्यार चालेल, येताना त्याचं फळ नको!

आपल्याकडं हा पेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुळातच मिटवला. पण त्याआधीचा हिशेब नगर जिल्ह्याच्या नावावर आहे आणि तो वाचून पोटात गोळा येतो. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगरच्या माळांवर ९६१ माळढोक मारले. आठवड्याला जवळजवळ एक. तेव्हाची बंदूक ठासणीची, आमच्या पाहुण्यांच्या खुंटीवर आहे तशीच. एक बार झाला की दारू, बोळा, गज आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. विमान नव्हतं, घोडा आणि बैलगाडी होती. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कर्जत आणि श्रीगोंद्याचे माळही त्यात धरले होते. पुढच्याच वर्षी कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं, अवघं २.१७ चौरस किलोमीटर. काळविटं कुंपणाचा नकाशा पाळत नाहीत. संध्याकाळी पाहुण्यांच्या ज्वारीत उतरतात. राखणीला परवान्याची बंदूक घरात, पण काळवीट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात. तेव्हा त्या नातवाचे आजोबा पत्र्याचा डबा बडवतात. डब्याला परवाना लागत नाही.

परतल्यावर मी वस्तीवर गेलो आणि नातवाला सगळं सांगितलं. नळी, दाब, पाच किलो. त्याला पंक्चरवाल्याची ३२ हवा फार आवडली. आजोबा बाजेवर पडून ऐकत होते. मी म्हटलं, "पण आबा, तुमची ही दिल्लीला जायची नाही. विमान नेईल हो. पण परवान्यावर हद्द लिहिलेली असते, त्या हद्दीबाहेर तो चालत नाही."

"नसंल जायची," ते म्हणाले. "पर नेली तर परत मिळती का? का बॅगांच्या त्या पट्ट्यावर फिरती? कुनीबी उचलंल."

पट्ट्यावर सोडत नाहीत, मी सांगितलं. हातोहात देतात, नळीवरचा नंबर कागदाशी जुळवून.

आजोबा उठून बसले. पोरानं बंदूक खाली काढली, रॉकेलचा बोळा आणला आणि तो नळीवरची नंबराची जागा घासायला लागला. मी मोबाइलची बॅटरी धरली. गंजाखालून आधी एक चार दिसला, मग सात, मग शून्य. पुढचा आकडा तीन की आठ, यावर त्या दोघांची जुंपली तेव्हा आबा परवान्याची वही आणायला आत गेले.