मेकॅनिकल म्हटलं की सगळं बसतं?

‘भैया, मेकॅनिकल है, सब फिट होता है.’ सीपीसीटी या संगणक परीक्षेच्या टायपिंगची तयारी करणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या पोरांच्या तोंडून हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. हात बसावा म्हणून कुणी मेकॅनिकल कीबोर्ड घेतो, मग देवनागरी अक्षरांचे कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, ऑनलाइन स्वस्तात दिसले की मागवून मोकळा होतो. पाकीट उघडतं, एकही कीकॅप बसत नाही आणि शिव्या चायना मालाला! माल बिचारा ठीक असतो. मागवतानाच घोळ झालेला असतो.

मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, एवढंच. स्विचच्या मधला भाग बटणाबरोबर खाली-वर होतो, त्याला स्टेम म्हणतात. कीकॅप बसतो तो स्टेमवर. पॉवरलूमच्या गावात खरं तर हे सांगायची पाळी येऊ नये: धोट्याच्या मापाची कांडी नसेल, तर सूत कितीही भारी असो, काय उपयोग?

मग ‘सगळं बसतं’ हे आलं कुठून? चेरी कंपनीने 1980 च्या दशकात एमएक्स स्विच काढला. त्याचा स्टेम बेरजेच्या चिन्हासारखा, आडवा-उभा सुमारे चार मिलिमीटरचा. पेटंटची मुदत 2014 च्या सुमारास संपली आणि गॅटेरॉन, कैल, आउटेमू या चिनी कंपन्यांचे त्याच मापाचे स्विच बाजारभर पसरले. आज दुकानात मिळणारे बहुतेक मेकॅनिकल कीबोर्ड याच जातीचे असतात. त्यामुळे दोन-चार जणांचं काम जमून जातं, आणि तेवढ्यावर नियम तयार होतो.

पण या जातीबाहेरही स्विच आहेत. जुन्या आल्प्स स्विचला चौकोनी खाच असते. जपानी टॉप्रेची बैठक गोल, लॉजिटेकच्या रोमर-जीची आणखी तिसरीच. सध्या सर्वांत जास्त फसगत होते ती पातळ कीबोर्डांत. कैलचा चॉक स्विच घ्या. एमएक्सचा कीकॅप उलटा करून पाहिला तर मधल्या नळीत फुलीच्या आकाराचं भोक दिसतं, स्विचवरची फुली त्यात शिरते. चॉकच्या कीकॅपला भोक नसतंच. त्याला दोन बारीक पाय असतात आणि ते स्विचवरच्या दोन खाचांत जातात. आता हे एकमेकांत बसणार कसे? जोर लावला तर पाय मोडतील, दुसरं काही होणार नाही. यावर कुणी हुशार म्हणतो, ‘चॉकच्या दुसऱ्या आवृत्तीला फुली आहे की!’ आहे. पण स्विच बुटका असल्यामुळे उंच कीकॅपची कड खालच्या पट्टीला टेकू शकते, आणि मग बटण पूर्ण दबत नाही.

स्विचच्या रंगाबद्दलही असाच गैरसमज. निळा, लाल, तपकिरी हे रंग दाबताना आवाज येतो का, अडखळ जाणवते का, एवढंच सांगतात. कीकॅपशी त्यांचा संबंध नाही. तीन पिनचा स्विच की पाच पिनचा, हा प्रश्न खालच्या बोर्डाचा. लॅपटॉपची बटणं तर या हिशेबात धरूच नका. तिथे नखाने उचकटायला गेलात तर खालची नाजूक कात्री तुटते.

स्टेम जुळला म्हणजे सुटलात, असंही नाही. एका साध्या बटणाची जागा 19.05 मिलिमीटर. नेहमीचा स्पेसबार त्याच्या 6.25 पट, म्हणजे सुमारे 119 मिलिमीटर. काही कीबोर्डांत तो सात पट असतो. छोट्या कीबोर्डांवर उजवी शिफ्टही आखूड निघते. अक्षरांची बटणं छान बसतात आणि खालची ओळ उघडी राहते, ती यामुळे. मागवण्याआधी पट्टीने मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि देवनागरी कीकॅप लावले की कीबोर्ड हिंदी किंवा मराठी होतो, हे कृपा करून कुणाला सांगू नका. बटण फक्त आपला क्रमांक कॉम्प्युटरला कळवतं. अक्षर कोणतं उमटवायचं हे कॉम्प्युटरमधला लेआउट ठरवतो, वर छापलेलं काहीही असो. सीपीसीटीत हिंदीसाठी रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट असे दोन लेआउट आहेत. छापील कीकॅप घ्यायचेच असतील तर आपला लेआउट कोणता ते आधी पाहा. इंग्रजी ‘के’च्या बटणावर इनस्क्रिप्टमध्ये क आहे, रेमिंग्टनमध्ये काना. रेमिंग्टनवाल्याने इनस्क्रिप्टचे कीकॅप चढवले, तर क लिहिलेलं बटण दाबल्यावर पडद्यावर काना येणार.