थोडी चालणारी स्कूटर आणि ऑइलमधलं पाणी

‘मुंबईत थंडी पडतेच कुठे, मग इंजिन ऑइलमध्ये पाणी कसं येईल?’ हा पहिला गैरसमज. सांताक्रूझला जानेवारीतली पहाट सरासरी १६-१७ अंशांची असते, हे खरं. पण ऑइलमधलं बहुतेक पाणी हवेतून येत नाही, ते पेट्रोल जळताना तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी बनतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. थोडी वाफ मात्र पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली उतरते आणि थंड धातूवर तिचं पाणी होतं. ऑइल ८०-९० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसंच राहिलं, तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जातं. म्हणजे मूळ प्रश्न ऑइल पुरेसं तापण्याचा आहे. थंडी फक्त तापण्याचा वेळ वाढवते.

म्हणूनच ‘गाडी कमी चालते, ऑइल अजून चांगलं असणार’ हा हिशेब चुकतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कितीतरी स्कूटर घरापासून स्टेशनपर्यंत दीड-दोन किलोमीटर जातात, दिवसभर उभ्या राहतात आणि संध्याकाळी तेवढंच अंतर परततात. ऑइल तापायच्या आत इंजिन बंद होतं आणि रोज थोडं पाणी साठतं. ज्वलनातल्या वायूंशी मिळून ते आम्लधर्मी होतं, ऑइलची वंगणशक्ती घटवतं आणि धातूला गंज चढवतं. स्कूटरमध्ये ऑइल असतं जेमतेम पाऊण लिटर, त्यामुळे थोडं पाणीही जड जातं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की ‘हेड गॅस्केट गेलं’ असं अनेकदा ठरवलं जातं. पण एअर-कूल्ड स्कूटरमध्ये कूलंटच नसतं, मग ते गळणार कुठून? साय फक्त झाकणाला आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर कारण बहुधा ही साठलेली वाफच. कारमध्ये कूलंटही कमी होत असेल, तर मात्र गॅस्केट तपासून घ्यावं. आणि तुंबलेल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं सगळंच ऑइल दुधाळ झालं असेल, तर स्टार्टर न मारता ती मेकॅनिककडे न्यावी.

‘रोज सकाळी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवतो, तेवढं पुरे’ असंही सांगितलं जातं. पण उभं इंजिन सावकाश तापतं आणि तेवढ्या वेळात नवं पाणी बनवत राहतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवावी. यात पेट्रोल वाया जातं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून खास फेरी न मारता आठवड्याची लांबची कामं एका दिवशी जोडावीत, बोरिवलीहून अंधेरीला जायचंच असेल तर त्या दिवशी स्कूटर काढावी. तेही जमत नसेल, तर किलोमीटर भरायची वाट पाहू नये. मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्यासाठी महिन्यांची मुदतही दिलेली असते. थोडं चालणाऱ्या गाडीला तीच मुदत लागू पडते.