जुना रेंजफाइंडर घेताय? लेन्सच्या आधी सेल बघा

फिल्मची हौस पुन्हा वाढली, तशी १९६०-७० च्या दशकांतल्या जपानी रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना मागणी आली. कॅननचा कॅनोनेट, याशिकाचा इलेक्ट्रो ३५, ऑलिंपसचे ३५ एसपी आणि ३५ आरसी, मिनोल्टाचा हाय-मॅटिक. सगळ्यांची लेन्स अंगालाच पक्की बसवलेली, साधारण ४० ते ४५ मिलिमीटरची. आत आरसा नाही, त्यामुळे आवाज अगदी कमी. विकणारा पहिल्यांदा लेन्सचा आकडा सांगतो आणि घेणाराही तोच विचारतो. रोज वापरायला लागल्यावर मात्र अडतं ते दुसऱ्याच गोष्टींपाशी. म्हणून आधी काही गैरसमज निस्तरलेले बरे.

गैरसमज : लेन्स निघत नाही म्हणजे कॅमेरा हलक्या प्रतीचा, ही गरिबांची लायका.

वस्तुस्थिती : लेन्स पक्की ठेवण्याचा एक मोठा फायदा शटरला मिळतो. या कॅमेऱ्यांत शटर फिल्मसमोर नसतं, लेन्सच्या भिंगांमध्ये असतं. पातळ पोलादी पाती उघडतात आणि मिटतात. त्यामुळे फ्लॅश कुठल्याही शटर स्पीडला जुळतो, अगदी १/५०० ला सुद्धा. भर दुपारी झाडाखाली उभ्या माणसाचा चेहरा काळा पडू द्यायचा नसेल, तर हे फार कामाला येतं. लायकाच्या एम मालिकेतल्या फिल्म कॅमेऱ्यांचं कापडी शटर फ्लॅशशी १/५० च्या आसपासच जुळतं. तेव्हा इथे गरीब कोण, हे विचारायला हरकत नाही. उलट बाजूही आहे : पात्यांचं शटर १/५०० च्या पुढे जात नाही, लायका १/१००० देतो.

भिंगांतही कंजुषी नव्हती. १९७२ मध्ये आलेल्या कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्रीच्या लेन्समध्ये सहा भिंगं आहेत, तर १९६९ च्या ऑलिंपस ३५ एसपीमध्ये सात.

गैरसमज : एफ १.७ ची लेन्स घेतली की मागचं सगळं छान धूसर होणार.

वस्तुस्थिती : हिशोब करून बघा. ४०० आयएसओचा रोल घातलाय आणि कडक ऊन आहे. अशा उन्हात ठोकताळा ठरलेला : ॲपर्चर एफ १६, शटर रोलच्या आयएसओइतकं, म्हणजे सुमारे १/५००. शटर तर तिथेच संपलं. आता ॲपर्चर एफ १.७ पर्यंत उघडायचं म्हणजे साडेसहा स्टॉप जास्त प्रकाश आत घ्यायचा, आणि तो अडवायला हातात काहीच नाही. दिवसा ती मोठी लेन्स एफ ११-१६ वरच चालते, आणि तिथे एफ २.८ ची लेन्स तिच्याइतकंच काम करते.

एफ १.७ खरी उपयोगी पडते ती संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या खोलीत, लग्नाच्या हॉलमध्ये. ज्याचे फोटो बहुतेक दिवसाउजेडी निघतात त्याने वजनाकडे बघावं. १९७० चा ऑलिंपस ३५ आरसी एफ २.८ चा आहे, पण भरतो सुमारे ४१० ग्रॅम. कॅनोनेट जी-थ्री ६२० च्या आसपास, आणि याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन ७५० च्या. दिवसभर गळ्यात वागवताना हा फरक मानेला कळतो.

गैरसमज : जुना सेल आता मिळत नाही, म्हणजे कॅमेरा बाद. किंवा, कुठलाही बटन सेल घाला, काय फरक पडतो!

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चूक. कॅनोनेट जी-थ्री, ३५ एसपी आणि ३५ आरसी यांचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. हा सेल संपेपर्यंत जवळजवळ एकच दाब देतो, म्हणून तो निवडलेला. पारा विषारी असल्याने हे सेल बाजारातून गेले. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटरला वाटतं उजेड जास्त आहे. तो ॲपर्चर कमी उघडायला सांगतो आणि फोटो काळपट येतात. शिवाय अल्कलाइनचा दाब वापराबरोबर उतरत जातो, म्हणजे चूकही रोज वेगळी. एकदा आयएसओ कमी लावून ती कायमची भरून निघत नाही.

सोपा उपाय श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो. तिथला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, मूळच्या अगदी जवळचा. घेर थोडा लहान असल्याने भोवती कडं घालावं लागतं. वरचा स्टिकर काढला की हवा लागून सेल जागा होतो, आणि मग वापरा किंवा ठेवून द्या, काही आठवड्यांत संपतोच. स्वस्त असल्याने ते परवडतं.

याशिकाची गोष्ट वेगळी. त्याला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा. आज ६ व्होल्टचा सेल स्प्रिंग किंवा अडॅप्टर लावून बसवतात, आणि त्याचं सर्किट एवढा फरक सहज पचवतं.

खरा प्रश्न पुढचा : फिरायला गेल्यावर सेल संपला तर? कॅनोनेट, एसपी आणि आरसी यांचं शटर यांत्रिक आहे. मॅन्युअलवर सगळे स्पीड तसेच चालतात, मीटर फक्त झोपतो. याशिकाचं शटर विजेवर चालतं. सेल गेला की ते १/५०० वरच अडतं. तरीही दिवसा तो निकामी होत नाही : ४०० चा रोल असेल तर कडक उन्हात एफ १६, मोकळ्या सावलीत एफ ५.६ धरून रोल पूर्ण करता येतो. अंधार पडल्यावर मात्र हात टेकावे लागतात.

गैरसमज : ऑटो म्हणजे ऑटो, सगळे सारखेच.

वस्तुस्थिती : इथेच या कॅमेऱ्यांचे स्वभाव वेगळे होतात. १९७३ च्या याशिका जीएसएनमध्ये ॲपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा निवडतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. कुठला स्पीड निवडला ते तो सांगत नाही. १/३० पेक्षा हळू झाला की पिवळा दिवा लागतो, उजेड जास्त झाला की लाल, बस. शटर स्वतः लावायची सोय नाही.

कॅनोनेट आणि आरसीमध्ये उलटं : शटर तुमचं, ॲपर्चर कॅमेऱ्याचं. उजेड पल्ल्याबाहेर गेला तर ऑटोवर बटन दाबलंच जात नाही. नवखा माणूस कॅमेरा बिघडला समजून दुकानात नेतो, पण ती रोल वाचवणारी सोय आहे. मॅन्युअलवर घेतलं की दोघांचाही मीटर बंद. एसपी मात्र मॅन्युअलवरही व्ह्यूफाइंडरमध्ये प्रकाशाचा आकडा दाखवतो. त्याच्या मागच्या बटनाने चौकटीच्या मधला छोटा भाग तेवढा मोजता येतो. पाठीशी उजेड असलेल्या चेहऱ्यासाठी हे बटन सोन्यासारखं.

ऑटो म्हणजे शिकाऊंचा, असंही काही जण म्हणतात. २० फेब्रुवारी १९६२ ला अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरले तेव्हा त्यांच्याकडे अन्स्को नावाने विकला जाणारा मिनोल्टा हाय-मॅटिकच होता, फ्लोरिडातल्या एका दुकानातून आणलेला. जाड हातमोज्यांत आकडे लावत बसायला लागू नये, एवढं साधं कारण.

गैरसमज : आतून दिसतं तसंच फिल्मवर येणार.

वस्तुस्थिती : रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघता. लेन्सचं झाकण तसंच राहिलं तरी आत सगळं लख्ख दिसतं. फोकस कुठे आहे हे फक्त मधल्या पिवळसर चौकोनात कळतं : दोन प्रतिमा एकावर एक आल्या की फोकस झाला. साधारण ८० ते ९० सेंटिमीटरच्या आत यातला कुठलाही कॅमेरा फोकस करत नाही, त्यामुळे फुलं आणि ताटातले पदार्थ विसरा.

आणि घरच्या कपाटात याशिका सापडला म्हणून तो रेंजफाइंडर ठरत नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या एमएफ-२ चा फोकस कारखान्यातच ठरलेला असतो.

गैरसमज : शटर वाजलं, म्हणजे कॅमेरा चालू आहे.

वस्तुस्थिती : आवाजावर जाऊ नका. मागचं दार उघडा, ॲपर्चर पूर्ण मोकळं करा आणि सगळ्यात हळू स्पीडला शटर मारत लेन्समधून बघा. तेल उतरून पाती चिकटली असतील तर ती आळसावून उघडतात किंवा अर्धवट राहतात. मग मोबाइलचा टॉर्च मागून लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलं तर टळते. नंतर फोकस अनंतावर नेऊन लांबच्या मोबाइल टॉवरकडे बघा. दोन प्रतिमा जुळल्या पाहिजेत, आणि एक वर एक खाली असता कामा नये. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो बदलावा लागेल. हे काम स्वस्त आहे, पात्यांची सफाई नाही.

मग घ्यावा कुठला?

रोज बॅगेत टाकायचा आणि दिवसा वापरायचा असेल तर आरसी. संध्याकाळ आणि घरातले कार्यक्रम महत्त्वाचे असतील तर कॅनोनेट. उजेड नीट मोजून, विचार करून फोटो काढायची सवय असेल तर एसपी. ॲपर्चर लावून बाकी विसरायचं असेल, वजनाचं काही वाटत नसेल आणि जादा सेल जवळ ठेवायची शिस्त असेल तर याशिका. त्याची लेन्स उत्तमच आहे. २०१२ च्या स्पायडरमॅन सिनेमात पीटर पार्करच्या हातात तो दिसला, म्हणून त्याचे जास्त पैसे मोजायला मात्र नकोत.

पन्नास वर्षं झाल्यावर मॉडेलपेक्षा हातातला नग महत्त्वाचा. नुकताच साफ केलेला आरसी हा पाती चिकटलेल्या एसपीपेक्षा केव्हाही चांगला. विकणाऱ्याला लेन्सचा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा : सेल कुठला घातलाय, आणि शेवटचा रोल कधी धुतला. दुसऱ्या प्रश्नाला त्याने निगेटिव्ह काढून दाखवल्या तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.