‘रायझिंग स्टार’: मुंबईच्या एका लॉजचे नाव

फोर्टात सुखडवाला मार्गावर फ्रीमेसन्स हॉलची १८९७ सालची इमारत आहे. फ्रीमेसन लोक जिथे जमतात त्याला लॉज म्हणतात. लाहोरकडे अशा जागेला ‘जादूघर’ म्हणत. इराणात फारसीत ‘फरामोशखाना’, म्हणजे विसरण्याचे घर. आत पाहिलेले बाहेर विसरायचे, असा त्याचा अर्थ लावतात, पण ‘फ्रीमेसन’ या उच्चाराशीही तो शब्द जुळतोच.

मुंबईतली लॉज आधी फक्त गोऱ्यांची होती. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. ज्याच्या हुंडीवर हजारोंचा माल सोडायचा, त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवायचे नाही, असा तो काळ. माणेकजी हटले नाहीत. युरोपात गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेऊन आले. पुढे १८६३ साली मुलींसाठी इंग्रजी शाळा काढणारे माणेकजी ते हेच.

तेव्हा मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स होते. कंपनी सरकारचे डॉक्टर. १८४१ साली काबूलमध्ये मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे भाऊ. जेम्स स्वतः सिंधच्या अमिरांच्या दरबारी इलाजासाठी जाऊन आले होते. कराचीचा बर्न्स रोड त्यांच्याच नावाचा, असे सांगतात. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने १८३६ साली त्यांना पश्चिम भारताचे प्रांतिक प्रमुख नेमले होते. त्यांनी डिसेंबर १८४३ मध्ये देशी लोकांसाठी वेगळे लॉज काढले: ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. ‘वेस्टर्न इंडिया’ म्हणजे बर्न्स यांचा इलाखाच. उगवता तारा कशासाठी, ते वेगळे सांगायला नको. लॉजचा प्रमुख पूर्वेकडे बसतो आणि तारा ही मेसन लोकांची जुनी खूण आहे.

सुरुवातीच्या सभासदांत पारशी होते, तसे मुसलमानही होते. शपथ ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर घ्यायची. अंतस्थ विधींबद्दल आमच्या उलेमांचे मत प्रतिकूल आहे, ते वाचकांना ठाऊकच आहे. पण बाजाराच्या नजरेने पाहिले तर गोरा अधिकारी आणि देशी शेठ एका सभेत बरोबरीने बसले, ही गोष्ट लहान नव्हती. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली ती १८५४ साली, म्हणजे यानंतर अकरा वर्षांनी.

कलकत्त्यात मात्र प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना दीक्षा मिळायला १८७२ साल उजाडले.