जागा आहे, पण रकाना नाही

जबलपूरच्या गढा भागात एका प्रचंड शिळेवर गोंड राजांचा मदन महाल उभा आहे. समजा, एखाद्या शाळेने त्याचे चलच्चित्र घेतले व ती फाइल 5 गिगाबाइटची झाली. 32 गिगाबाइटच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ती उतरविताना मात्र संगणक नकार देतो. जागा मुबलक असता अडते कोठे?

अडते ते वहीत. साठवणीचे साधन, मग ती फिरती चुंबकीय तबकडी असो वा पेन ड्राइव्ह, ही एक वखार होय. कोणता माल कोणत्या खणात आहे हे सांगणारी वही त्याच वखारीत ठेवलेली असते. ह्या वहीच्या आखणीस फाइल सिस्टिम म्हणतात. 1996 साली आलेल्या ‘फॅट 32’ आखणीत फाइलचा आकार लिहिण्यास 32 द्विमान अंकांचाच रकाना आहे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या 4,29,49,67,295 ही होय. त्याहून अधिक बाइटांची फाइल नोंदविताच येत नाही; मग खण कितीही रिकामे असोत!

1993 सालच्या ‘एनटीएफएस’मध्ये हा रकाना ऐसपैस आहे. शिवाय वहीत बदल करण्यापूर्वी तो रोजकीर्दीत टिपला जातो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी वही बहुधा सावरते. विंडोजच्या अंतर्गत तबकडीस हीच आखणी योग्य. परंतु मॅक संगणक ती वाचतो, स्वतःहून तीत लिहीत नाही. फिरत्या पेन ड्राइव्हसाठी 2006 सालची ‘एक्सफॅट’ बरी. तीत रोजकीर्द नसते, म्हणून लेखन चालू असता पेन ड्राइव्ह उपटणे धोक्याचे.

विंडोजमधील ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा माल जागीच ठेवून फॅट 32 ची वही एनटीएफएसमध्ये उतरविते; उलट वाट मात्र तिला ठाऊक नाही. ॲपलने 2017 साली असेच स्थलांतर कोट्यवधी आयफोनांत घडविले, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

एक्सफॅटसाठी विंडोजमध्ये अशी आज्ञा नाही; तेथे फॉरमॅट करणे, म्हणजे कोरी वही आखणे, भाग पडते. म्हणून आधी सर्व फाइली अन्यत्र उतरवाव्यात व त्यांतील काही उघडून पाहाव्यात. चुकून पेन ड्राइव्हचे द्रुत फॉरमॅट झालेच, तर त्यावर पुढे काहीही लिहू नये. जुना माल पुष्कळदा खणांत तसाच असतो, आणि नवे लेखन होईपर्यंत तो शोधून काढता येण्याची आशा असते.