राघूचें गोत्र

पेरू पिकूं लागले कीं परसांत हिरवा थवा उतरतो आणि मुलें ‘राघू आले’ म्हणून धांवतात. हिरवे तेवढे सारे राघू, असेंच आम्हांसही लहानपणीं वाटे.

वास्तविक महाराष्ट्रांत या पोपटांच्या चार जाति आढळतात. गळ्याभोंवतीं काळा-गुलाबी कंठ मिरविणारा तो नेहमींचा राघू. त्याच्या मादीस कंठ नसतो, म्हणून ती निराळी समजूं नये. त्याहून मोठा व खांद्यावर तांबडा डाग असलेला तो पहाडी पोपट. तिसरी जात लहानखुरी. तींत नराचें डोकें जांभळट, मादीचें राखी. चौथी निळसर पंखांची. ती सह्याद्रीच्या रानांवांचून जगांत अन्यत्र कोठें आढळत नाहीं.

या सर्वांस सामावणाऱ्या ‘सिटॅक्युला’ प्रजातीस कुव्हिए या फ्रेंच पंडितानें १८०० सालीं नांव दिलें. त्या काळीं पिसें, चोंच व शेंपूट यांवरून कुळी ठरे. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासतां, पूर्वेकडील बेटांवरचे, वेगळे मानलेले थोर चोंचीचे पोपट याच कुळांतून निघाल्याचें दिसलें. सख्खे आप्त बाहेर आणि दूरचे घरांत, अशी ती वंशावळ! म्हणून २०१९ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं जुनी प्रजाति मोडून अनेक प्रजाति सुचविल्या. त्या हिशेबानें आपल्या चार जातींचीं गोत्रेंहि चार होतात.

नांवांचा एवढा खल कशाला, असें कोणी विचारील. मॉरिशस बेटावरील पोपट दिसावयास आपल्या राघूसारखाच. परंतु १९८० च्या सुमारास रानांत तो जेमतेम दहा-बारा उरला होता. ही जात निराळी आहे, हें जाणून लोकांनीं जिवापाड संगोपन केलें, म्हणून आज ते शेंकडों आहेत. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरील पोपटाचा अखेरचा नमुना मात्र १८७५ सालीं मिळाला. पुढें ती जातच नाहींशी झाली.

आपल्याकडे पहाडी पोपटाचीं पिलें ढोलींतून काढून विकलीं जातात, आणि त्या जातीची संख्या घटत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें या चारांपैकीं एकहि पक्षी पिंजऱ्यांत ठेवणें गुन्हा आहे. तेव्हां पिंजरा माळ्यावर टाकून झाडावर चार पेरू राखावे, हें बरें. पाहुणा पुन्हा येईल, आणि मुलांस त्याचें गोत्र विचारतां येईल.